पाच महिन्यांत दोन बाळंतपणे

केराबाई गुंडा लवटे यांच्या वयाविषयी तीन कागद उपलब्ध आहेत आणि तिघांचे आपसांत पटत नाही. आधार कार्डाच्या मते त्या एकसष्ट वर्षांच्या, मतदार यादीच्या मते अडुसष्टच्या, आणि रेशन कार्डाच्या मते त्या आपल्या थोरल्या मुलाहून अवघ्या नऊ वर्षांनी मोठ्या. खुद्द केराबाईंना विचारले तर त्या म्हणतात, "मला काय ठावं? मी झाले तवा लई ल्हान हुते की." या विषयावर आजवर हाती आलेल्या विधानांपैकी हे एकच मला निर्विवाद वाटते.

सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, जिथून पुढे दुकानांच्या पाट्या कानडी बोलू लागतात, तिथे त्यांची वाडी आहे. वाडीचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. कारण पुढे येईल. साठेक उंबरे, बहुतेक मेंढपाळ, आणि जमीन अशी की तिच्यावर दगड तेवढे नियमाने पिकतात. दिवाळी सरली की मेंढरे घेऊन नातेपुते, टेंभुर्णीच्या बागायतीकडे निघायचे, लोकांच्या शेतात ती खतासाठी बसवायची आणि पावसाच्या तोंडाला परतायचे, हा तिथला शिरस्ता. केराबाईंनी तो चाळीस वर्षे पाळला. आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून त्या घराच्या दारात बसतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकवतात.

वाडीत त्यांचे नाव आहे ते मात्र एका वेगळ्या गोष्टीसाठी. लवट्यांच्या साऱ्या घरांत वाटणी न झालेले घर तेवढे एकच. पती गुंडा लवटे तीन वर्षांपूर्वी वारले. तेराव्याच्या जेवणाची भांडी घासून व्हायच्या आत थोरली सून सुकन्या आणि धाकटी सून दिपाली यांचे, घरात आल्यापासून पहिल्यांदाच, एका मुद्द्यावर एकमत झाले: चूल वेगळी हवी. केराबाई म्हणाल्या, "माज्या मयताची लाकडं उरली, तर त्येच्यावर दोन चुली पेटवा. तवर एकच." या निकालावर अपील झाले नाही.

थोरला मुलगा धनाजी, धाकटा भारत. भारत दोन वर्षांपूर्वी सोलापुरातल्या शिवपुत्र नावाच्या एजंटामार्फत आयर्लंडमधल्या एका लहानशा गावी मांसाच्या कारखान्यात कामाला गेला. घरी त्याने एवढेच सांगितले होते की कंपनी मेंढरांची आहे. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर केराबाईंनी कारभाराची चौकशी केली.

"किती मेंढरं हायती रं कंपनीची?"

"रोजची दोन हजार."

"बाबौ! मग चरायला कोण नेतं?"

येथे नेटवर्क गेले, असे भारत सांगतो. नेटवर्क गेल्याचा स्वतंत्र पुरावा मला मिळालेला नाही.

२०२३च्या सप्टेंबरात, घरच्या साठांपैकी वीस मेंढरे विकून, धनाजीही त्याच कारखान्यात निघाला. सोलापूर स्थानकावर गाडी हलता हलता केराबाईंनी खिडकीतून त्याला आज्ञा दिली: "तितं बी एका घरात ऱ्हायाचं. येगळं झाल्याचं माज्या कानावर आलं, तर मी इमान धरून येईन!" कंपनीने धनाजीला आपल्या कामगारनिवासात एक खाट देऊ केली होती. आईचे विमान नको म्हणून त्याने ती नाकारली आणि तो भारतच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेला. पुढचे सारे रामायण या एका आज्ञापालनातून घडले.

त्या देशात पगार हातात मिळत नाही, बँकेत जमा होतो. खाते नाही तर पगार नाही. आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत खाते उघडले नाही तर करार रद्द, परतीचे तिकीट हातात, असे कंपनीच्या पत्रात स्पष्ट लिहिले होते. धनाजी ते पत्र खिशात घेऊन भारतच्याच बँकेत गेला. बँकेने दोन गोष्टी मागितल्या: पासपोर्टाचे फोटो असलेले पान आणि राहत्या जागेचा पुरावा. खोली भारतच्या नावावर, म्हणून 'हा माझ्याकडे राहतो' असे भारतचे पत्र आणि त्याच्याही पासपोर्टाचे तेच एक पान.

परंतु धनाजी आणि भारत शिवपुत्राच्या तालमीत तयार झालेले होते. शिवपुत्राचा सिद्धान्त असा: मागितले एक, तर द्यायचे चार, साहेबाला परत मागायची संधी म्हणून ठेवायची नाही. सोलापुरातल्या कुठल्याही कचेरीत हा सिद्धान्त खरा ठरतो. तिथे अर्ज अडतो तो नसलेल्या कागदामुळे. जादा कागदामुळे अडलेला अर्ज मी अजून पाहिलेला नाही. त्यानुसार दोघा भावांनी दोन्ही पासपोर्टांच्या मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत झेरॉक्स जोडल्या, तलाठ्याचा रहिवासी दाखला जोडला, भारतच्या लग्नाची पत्रिका जोडली, आणि प्रत्येक पानावर 'खरी प्रत' असे लिहून सही ठोकली. रेशन कार्ड घाईत राहून गेले. त्याबद्दल बिरोबाला एक नारळ फोडायला हरकत नाही.

त्या देशात जोडलेला कागद कुणीतरी वाचते, ही शक्यता शिवपुत्राच्या सिद्धान्तात धरलेली नव्हती.

आठवड्याने बँकेचे पत्र आले. भाषा अत्यंत सभ्य होती. आपण सादर केलेल्या पासपोर्टांच्या शेवटच्या पानांवरील आईच्या नावावरून आपण दोघे एकाच मातेचे पुत्र आहात असे दिसते. श्री. भारत यांचा जन्म १ जून १९९०चा. आपला जन्म १ नोव्हेंबर १९९०चा. दोहोंत अंतर पाच महिन्यांचे आहे. तरी कृपया खुलासा करावा.

बँकेच्या नजरेतून सुटलेली एक बाब येथे नोंदवते: कागदावर थोरला धनाजी धाकट्या भारतहून लहान होता.

हे पत्र धनाजीने व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवले तेव्हा मी केराबाईंच्या ओसरीवर होते. माझे काम हेळव्यांच्या वह्यांवर चालले आहे. हेळवी म्हणजे ठरलेल्या घराण्यांच्या वंशावळी पिढ्यानपिढ्या राखणारा माणूस. दोन-तीन वर्षांनी तो येतो, दारात बसून यजमानाच्या पूर्वजांची नावे एका दमात म्हणतो, घरात नव्याने जन्मलेली बाळे वहीत उतरवतो आणि धान्य किंवा एखादे मेंढरू घेऊन पुढच्या दाराशी जातो. पूर्वी तो बैलावर बसून येई; लवट्यांचा हेळवी सिद्धलिंगप्पा मोटारसायकलवर येतो आणि पेट्रोल वेगळे मागतो. त्या दिवशी तो वही उघडून बसला होता, मी फोटो काढत होते, आणि केराबाई फोन हातभर लांब धरून ओरडत होत्या.

"काय म्हनती बँक?"

"आई, ती म्हणतीया, आमी दोघं पाच म्हयन्याच्या फरकानं कसं काय झालो?"

केराबाईंनी फोन तोंडाजवळ आणला. "पाच म्हयन्यानं मेंढी इती. बँक मला मेंढी समजती व्हय रं?"

घरी परतल्यावर मी पडताळून पाहिले. १ जून ते १ नोव्हेंबर हे अंतर एकशे त्रेपन्न दिवसांचे. मेंढीचा गाभणकाळ सुमारे दीडशे दिवसांचा. केराबाईंचे अनुमान तीन दिवसांच्या फरकाने बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी त्या एसटीने सोलापूरला गेल्या, पाठोपाठ मी. शिवपुत्राची कचेरी स्थानकाजवळच्या एका जिन्याच्या वळणावर आहे. भिंतीवर विमानाचे कॅलेंडर, टेबलावर एक पृथ्वीगोल, ज्यातून भारत देश बोटे लावून लावून पुसला गेला आहे. शिवपुत्र मूळचा अक्कलकोटकडचा, बोलण्यात गोड आणि अडचणीत अधिक गोड. धनाजीच्या फोनवरून त्याने मसुदा टाइप करूनच ठेवला होता.

"मावशी, सोपं आहे बघा. शंभरच्या स्टॅम्पवर एवढंच लिहायचं, की गुंडामामांना दुसरी बायको होती. धनाजी तिचा. तुम्ही वाढवला म्हणून पासपोर्टावर तुमचं नाव लागलं. बाप एक, आया दोन, पाच महिन्यांचा फरक. बसला की नाही हिशोब?"

"नाव काय तिचं?" केराबाईंनी विचारले.

"कुणाचं?"

"त्या बायकूचं."

शिवपुत्राने मसुदा चाळला. ती जागा रिकामी होती. "शिवबाई घालू."

"कुटली?"

"करमाळ्याची घालू की."

"आता कुटं असती?"

"वारली."

"कशानं?"

"मावशी, बँक एवढं विचारत नाही हो!"

"मी इचारती की. माजी सवत हाय न्हवं? आगं बया, चाळीस वरसं संसार केला त्या मानसासंगं. मला न सांगता करमाळ्याला बायकू केली, ती मेली बी, आन् मी साधी रडले न्हाय! लोक काय म्हनतील मला?"

जिन्यावर रांगेत उभ्या असलेल्या दोन उमेदवारांना हसू आवरेना. शिवपुत्रही हसला आणि ही त्याची चूक झाली, कारण केराबाई हसत नव्हत्या.

"ह्यात मी अंगठा दिला, की धनाजी माजा न्हाय असंच झालं न्हवं?"

"कागदावर, मावशी. नुसतं कागदावर."

"नातेपुत्याच्या माळावर, पालात झाला त्यो. ह्ये बापई मेंढरामागं गेल्यालं. एकटी हुते. लोकर कातरायच्या कातरीनं नाळ कापली मी. साक्षीला मेंढरं हुती नुसती, आन् ती बी पाट करून बसल्याली. आता तू म्हनतुयास, ल्ही, माजा न्हाय."

"मग भारत तुमचा नाही असं लिहू का?" शिवपुत्राने तत्परतेने पर्याय दिला.

केराबाईंनी मसुदा हातात घेतला, चार घड्या केल्या आणि उठल्या. परतीच्या एसटीत बाक ओला होता. त्यावर अंथरायला तो उपयोगी पडला. आता तो माझ्या संग्रहात आहे. गुंडा लवटे यांच्या मरणोत्तर द्वितीय विवाहाचा हा एकमेव पुरावा, किंचित दमट.

त्या वेळी माझी ठाम समजूत अशी होती की हे प्रकरण खरे शोधून काढले की सुटेल. पासपोर्टावरची तारीख शाळेच्या दाखल्यावरून आली, दाखला शाळेच्या जनरल रजिस्टरावरून, रजिस्टर गुरुजींवरून. गुरुजी कशावरून, एवढाच प्रश्न उरत होता. वाडीच्या शाळेतले रजिस्टर पाहायला मिळाले. १९९६च्या जूनमध्ये पहिलीत बावीस मुले दाखल झाली, त्यांत भारत. आणि बावीसच्या बावीस मुलांचा जन्म १ जून १९९०चा. मेंढपाळांच्या मुलांना जन्मतारीख नसते. पालावर जन्म, पालावर बारसे. म्हणून गुरुजींनी शाळा सुरू होण्याचा महिना पाहून सर्वांना सरसकट एक जून वाटला होता. त्याच्या आधीच्या पानांवरही तेच. वाडीचे नाव न देण्याचे कारण हे: तिथे आजही एक जूनला जन्मलेली साठावर माणसे आहेत आणि त्यांतल्या काहींना अजून परदेशी जायचे आहे.

त्या पानाच्या समासात तपासणीसाहेबांनी लाल शाईने विचारले होते: 'सर्व मुले एकाच दिवशी कशी?' प्रश्न वाजवी होता. पुढच्या वर्षी नवे गुरुजी आले. त्यांनी तो प्रश्न मनावर घेतला आणि जन्मांचे नव्याने नियोजन केले. पानावरचे पहिले मूल एक जानेवारीचे, दुसरे एक फेब्रुवारीचे, तिसरे एक मार्चचे, असे ओळीने. बाराव्यापाशी वर्ष संपले की तेरावे पुन्हा जानेवारीचे. साल मात्र सर्वांना १९९०. धनाजी मेंढरांमागे फिरत राहिल्याने थोरला असूनही भारतच्या मागून, १९९७ साली शाळेत आला. त्याचा नंबर अकरावा होता. म्हणून नोव्हेंबर.

एवढ्याने खोटे कसे झाले ते कळले. खरे काय ते सिद्धलिंगप्पाच्या वहीत होते. त्याच्या वडिलांची लिहिण्याची रीत मला फार आवडली. फेरीचे साल ते पानाच्या माथ्यावर घालत. खाली तारखांच्या नादी न लागता डोळ्यांना दिसले तेवढे लिहीत. १९८८च्या फेरीत कानडी अक्षरांत नोंद आहे: गुंडा, बायको केराबाई, मुलगा धनाजी, वरचे दोन दात आले. भारतचा पत्ता नाही. १९९१च्या फेरीत: धनाजी, कोकरे वळतो. दुसरा मुलगा भारत, रांगतो. म्हणजे दोघांत तीन वर्षांचे अंतर. केराबाई मेंढी नव्हत्या हे निःसंशय सिद्ध.

मी दोन दिवस खपून सात पानांचे टिपण केले. रजिस्टराचे फोटो, वहीचे फोटो, कानडी मजकुराचे भाषांतर, एकोणीस टिपा. ते शिवपुत्राला व्हॉट्सॲपवर पाठवले. पाच मिनिटांत त्याचा फोन आला. आवाजात गोडी नव्हती.

"मॅडम, हे तुम्ही अजून कुणाला पाठवलं नाही ना?"

"नाही. का?"

"देवाची कृपा. अहो, ह्याच्यात तुम्ही काय शाबीत केलंय? धनाजीची तारीख खोटी. भारतचीही खोटी. तारीख खोटी म्हणजे पासपोर्ट खोटा. आत्ता एकाचं खातं अडलंय. हे गेलं की दोघं विमानात!"

टिपण मी पुन्हा वाचले. एकही टीप चुकीची नव्हती. जे खरे होते ते पाठवता येत नव्हते, आणि जे पाठवता येत होते ते खोटे होते. दिनांक २६ ऑक्टोबर. हाती पाच दिवस.

हे केराबाईंना सांगणे भाग होते. त्या संध्याकाळी ओसरीवर मी सांगत होते, त्या ऐकत होत्या. आत सुकन्या भाकरी थापत होती, दिपाली चुलीत जळण सारत होती. फोनवर दोन्ही मुलगे एका चौकटीत दाटीवाटीने बसले होते, मागे त्यांची ती एकच खाट.

"आई, दे की अंगठा," धनाजी म्हणाला. "कागद तर हाय. मला काय त्येनं तू परकी हुणार हायस व्हय? वीस मेंढरं गेल्याती माज्यापायी. मोकळ्या हातानं कुटल्या तोंडानं येऊ?"

"गप ऱ्हा," केराबाई म्हणाल्या. मग त्यांनी भलताच प्रश्न विचारला. "त्या कंपनीनं तुला खाट देती म्हनली हुती न्हवं?"

"म्हणली हुती. तूच न्हाय म्हणलीस."

"अजून हाय का मोकळी?"

"हाय की. चार मोकळ्या हायत्या."

"तितं ऱ्हायला गेलास, तर कंपनी कागूद देती का, ह्यो हितं ऱ्हातुय म्हून?"

"देती. शिक्का मारून देती."

"मग त्यात भारतचा कागूद कशाला लागतुय?"

पलीकडे दोघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. मीही माझ्या सात पानांकडे पाहिले.

"दोन खांडं एका माळावर उतरली, आन् त्येचं कोकरू ह्येच्यात गेलं, तर भांडून निवाडा हुत न्हाय," केराबाई म्हणाल्या. "त्यो म्हनतो माजं, ह्यो म्हनतो माजं. कोकरू बिचारं वराडतंय. मग शानी मानसं काय करत्यात? वाघरी येगळ्या लावत्यात." खांड म्हणजे मेंढरांचा कळप, वाघर म्हणजे ती कोंडायची जाळी. "धनाजी, तू उद्याच्याला त्या खाटंवर जा. दुसऱ्या बँकंत जा. मागतील तेवडंच दे, वर एक चिटुरं न्हाय. आन् ती लग्नाची पत्रिका भारतकडंच ऱ्हाऊ दे."

"म्हंजी येगळं ऱ्हाऊ?"

"व्हय."

"आई, नक्की का?"

"व्हय म्हनले की! किती येळा वदवतुयास?"

आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता. चुलीत जळण सारल्याचाही. केराबाईंना तो थांबल्याचे ऐकू आले हे मी पाहिले, आणि आपण काय बोललो हे त्यांना बोलण्याआधीच कळले होते हेही. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "तीन वरसं दारात बसून राखली म्या ही चूल. कवा इमानातनं निसाटली, कळलं बी न्हाय."

३० ऑक्टोबरला धनाजी दुसऱ्या एका बँकेत गेला. पासपोर्टाचे एक पान, कंपनीचे एक पत्र. खाते अकरा मिनिटांत उघडले असे तो सांगतो. बाहेर थांबलेला भारत पंचवीस मिनिटे सांगतो, कारण तेवढ्यात त्याचे दोन चहा झाले. मी अठरा धरते. काउंटरवरच्या बाईने दोन्ही कागद पाहून परत दिले तेव्हा धनाजी हलेना. त्याला वाटले, आता खरे काम सुरू होईल. "बाकीचे?" त्याने विचारले आणि सवयीने पिशवीत हात घातला. बाईने हसून मान हलवली. पिशवीत लग्नाची पत्रिका होतीच. आईची तेवढी एक आज्ञा त्याने मोडली होती.

पुढच्या आठवडी बाजारातून सुकन्या जळणाची लोखंडी शेगडी घेऊन आली आणि पडवीच्या दुसऱ्या टोकाला मांडू लागली.

"ह्ये काय?" केराबाईंनी विचारले.

"मालक तितं येगळं झालं की, आत्याबाई. तुमीच सांगितलं."

"त्यो खाटंपुरता येगळा झालाय!"

"मग मी शेगडीपुरती," सुकन्या म्हणाली. दिपालीने आतून हसण्याचा आवाज खोकल्यात घातला आणि पीठ आपल्यापुरते वेगळे काढले. मेंढरे मात्र अजून एकत्रच आहेत. ती चरायला कुणी न्यायची यावरून दोघी सुनांत पूर्वीइतकेच भांडण होते.

केराबाई सकाळी दिपालीकडे जेवतात, संध्याकाळी सुकन्याकडे, आणि प्रत्येकीला दुसरीची भाकरी बरी होते असे सांगतात. दोन्हीकडच्या भाकऱ्या त्यामुळे सुधारल्या आहेत, असे माझे निरीक्षण आहे. नमुना लहान आहे.

पौषात सिद्धलिंगप्पा आपल्या वाट्याचे धान्य न्यायला परत आला. ओसरीवरून त्याला दोन धूर दिसले. त्याने काही न विचारता वही काढली, गुंडा लवटे यांचे पान उलगडले आणि पेनाचे टोपण दातांत धरून केराबाईंकडे पाहिले.

"लिहू का, अव्वा? वाटणी?"

केराबाईंनी दोन्ही धुरांकडे पाहिले.

"ल्ही," त्या म्हणाल्या. "पन तारीख घालू नगंस."